सभासद क्रमांक ३१७

मोर्शी डेपोतून अठ्ठावन्नाव्या वर्षी उतरलेला गुलाब ढोक
पानठेल्यावर मला विचारतो,
"तुले तं पासष्टलोक ठेवलं ना बे,
मंग काहून तोंड पाडून राह्यला?"

तोंड तसंच आहे, म्हणतो मी, आणि
खर्र्याची पुडी त्याच्याकडे सरकवतो.

मार्चमध्ये डॉक्टरनं कानात पाहिलं, डोळ्यांत पाहिलं,
छातीला तारा लावल्या
आणि लिहिलं : योग्य.
एप्रिलच्या नऊ तारखेला मी पासष्टचा झालो.
मधल्या तीन आठवड्यांत मी असं काही केलं नव्हतं.
पाटण्याला दोनदा जाऊन आलो, एवढंच.

सदुसष्टची कुणकुण होती.
आमच्याच संघटनेनं सभा बोलावली आणि म्हटलं, नको.
तेहतीस वर्षं वर्गणी भरलेली.
मी बोललो विहिरीच्या काठावर उभा राहून,
कारण गावात रेंज तिथंच.
"कॅप्टन, तुमचा आवाज तुटतोय," शर्वरी उमाळकर म्हणाली.
ती आता चिटणीस.
रायपूरला आडव्या वाऱ्यात तिनं विमान टेकवलं
तेव्हा मी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते,
आणि ते तिथंच ठेवणं
हे त्या दिवसाचं माझं सगळं काम होतं.
नऊ वर्षं ती उजव्या सीटवर बसून आहे.
तिचा हात विरोधात वर गेला.
माझा आवाज तुटत राहिला.
मोटारीवर बसलेला पोपट तेवढा ऐकत होता.

मग परिपत्रक आलं, पोस्टानं,
दोन ठिकाणी पत्ता खोडून.
चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं :
हात थरथरतो
तेव्हा ते अनुभवालाच सगळ्यांत उशिरा कळतं.

वाक्य चांगलं आहे.
ते मी लिहिलं होतं.

मी तेव्हा तेहतीसचा, साठाची मागणी आलेली,
आणि कॅप्टन सेठनांना अठ्ठावन्न पुरी व्हायला दोन महिने.
हॉटेलच्या कागदावर रात्री लिहिलं,
सकाळी सभेत वाचलं, टाळ्या पडल्या.
दुपारी सेठना माझ्याच टेबलावर जेवले.
काही बोलले नाहीत.
फक्त माझ्या खांद्यावरच्या तीन पट्ट्या पाहिल्या
आणि त्यांच्या वरची
मोकळी जागा.
मीठ मागितलं. मी दिलं.

हे मी गुलाबला सांगत नाही.
गुलाब आता सदुसष्टचा,
कॉन्व्हेंटची गाडी चालवतो, बत्तीस पोरं,
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकायला लागलेला.
त्याला कुणी वय विचारत नाही.
त्याच्यासाठी कुठं सभा नाही, परिपत्रक नाही.
"आमचं बरं हाय," तो म्हणतो, "आमाले कोनीच थांबवत नाही."

परवा पोरं सोडून परतताना म्हणाला, चाल, बस.
मी बाजूला बसलो.
डावीकडे.
किती दिवसांनी डावीकडे, समोर काच,
आणि माझ्या पुढ्यात काहीच नाही :
एक डबा, फडकं, लक्ष्मीचं स्टिकर.

चारगडच्या पुलाआधी बकऱ्या आडव्या आल्या.
माझा पाय पत्र्यावर दाबला गेला,
जिथं ब्रेक नाही तिथं.
मग गुलाबचा पाय.
त्यानंतर गाडी.

एक बकरी टायरला अंग घासून गेली.
मागे कुणाची तरी राहिलेली पाण्याची बाटली
सीटखालून घरंगळत पुढे आली,
माझ्या चपलेला लागून थांबली.

अर्धा सेकंद असेल. पाऊणही असेल.
मला मोजता येतो,
आयुष्यभर तेच तर मोजलं.
गुलाबनं माझ्याकडे पाहिलं.
"काहून?" म्हणाला.

काही नाही, म्हटलं.
दोन्ही हात मांडीवर ठेवले.