उणे चाळीस

दारापाशी फोन ठेवायचा. खण क्रमांक सतरा.
किल्ली गळ्यात, बिल्ल्याशेजारी.
मग दुसरं दार; पहिलं मिटल्याशिवाय ते उघडत नाही.
समुद्रावरून आलेलं फाइफचं धुकं बाहेरच राहतं.

तीन आठवडे झाले, एक बिट चुकतोय.
उबेत नाही. टेबलावर नाही.
बोर्ड शीतपेटीत ठेवून आकडा उणे चाळीसवर उतरला
की लाखात एकदा
शून्याच्या जागी एक.
"लाखात एकदाच ना, इशबेल?" लॉकलन म्हणाला. नवा आहे.
मी ओरडले नाही. विचारलं,
ती लाखावी खेप कुणाच्या वाट्याला येते, ठाऊक आहे तुला?
मलाही नाही.

आत दोन घड्याळं आहेत, एकमेकांची ओळख नसलेली.
एकाचा निरोप दुसऱ्याच्या उंबऱ्याशी पोचतो
नेमका ठोका पडताना,
आणि अडकतो: ना धड शून्य, ना धड एक,
तळ्यात की मळ्यात,
एका पायावर.
फार वेळ नाही, नॅनोसेकंदाचा चतकोर.
तेवढ्यात पुढच्यांनी आपापला अर्थ लावून टाकलेला असतो.

उपाय जुनाच. उंबऱ्यावर आणखी एक फ्लिप-फ्लॉप बसवायचा.
म्हणायचं, थांब एक ठोका,
पडू दे त्याला कुठल्यातरी एका बाजूला.
सत्तावीस वर्षं मी हेच करते आहे,
घाईच्या वाटेत एकेक ठोका पेरत.

इथे पेरायचा राहिला.
जुन्या नोंदी उघडल्या. मार्च महिना,
आईला हॉस्पिसमध्ये हलवलं तो आठवडा.
तपासणाऱ्याच्या रकान्यात माझीच आद्याक्षरं.
लॉकलननं ती वाचली
आणि चहा आणायला गेला, बराच वेळ.

आई कर्कॉडीच्या लिनोलियम कारखान्यात होती.
जवसाच्या तेलाचा वास तिच्या केसांतून रविवारीही जात नसे.
ती काय बनवते, हे आख्ख्या बसला कळायचं.
माझ्या कामाला वास नाही.
"तू काय गं बनवतेस?"
"बोर्ड."
"कसले?"
"हिरवे."
ती खोकला येईपर्यंत हसली होती.

चुकणारा तो सिग्नल त्रेचाळीस नंबरच्या पिनवर जातो.
नकाशात त्याचं नाव एवढंच: अनुमती.
कशाची, ते पुढच्या इमारतीत माहीत असेल,
किंवा त्याच्याही पुढच्या.
मी विचारलेलं नाही.
पहिल्या वर्षी विचारलं नाही ते शिस्त म्हणून;
आता का विचारत नाही,
ते शीतपेटीच्या काचेवरचा बर्फ पुसताना
कधी कधी मनात येतं, आणि पुन्हा बर्फ धरतो.

दोष-अहवालात कारण लिहिलं: मानवी चूक.
खाली सही. या वेळी आद्याक्षरं नाहीत, पूर्ण नाव.
रात्रभर पेटी चालू ठेवली.
चाळीस लाख खेपा, एकही चूक नाही.
म्हणजे चाळीस लाखांपर्यंतचं मला माहीत आहे.

घरी फर्गस विचारतो, कसा गेला दिवस?
"थंड," मी म्हणते.
खरं आहे ते,
आणि सांगायची परवानगी असलेलं.