सहा इंच

मुनव्वरभाईंची दुर्बीण सत्तर मिलिमीटरची.
भिंगाची, पांढरी, सडपातळ,
चष्म्याच्या दुकानातल्या मऊ फडक्यानं पुसलेली.
माझी सहा इंची, आरशाची.
चार महिने हातानं घासलेला आरसा,
आणि नळी म्हणजे
कोरड्या गेलेल्या बोअरचा उरलेला केसिंग पाइप.

मे महिन्यात उदगीरची गच्ची
रात्री अकरालाही तव्यासारखी.
त्यांनी झाकण काढलं की शनी हजर,
कडं सुईनं कोरल्यागत.
माझा आरसा तापलेला,
त्यात शनी उकळत्या चहातल्या पत्तीसारखा हलतो.
‘थांबा, निवू द्या,’ मी म्हणतो.
‘परवापासून निवूलालाय की!’
नाझनीन हसते.

मग लाइट गेली. बिदर रोडपर्यंत सगळी.
मी नळी शौरीकडे वळवली.
तिथला तारकागुच्छ त्यांच्या भिंगात
काचेवर टाकलेला उसासा, बस्स.
माझ्यात मीठ.
घोंगडीवर सांडलेलं,
वेचायला गेलं की हरवणारं.

मुनव्वरभाई बराच वेळ वाकून राहिले.
मला वाटलं, आता कबूल करतील :
भांड्याचं तोंड केवढं, त्यावर सगळं.
ते म्हणाले,
‘आरशाची कड जराशी उतरलीय, मास्तर.
रविवारी काढा. पुन्हा घासू.’

आम्ही पावडरीचा हिशोब करत बसलो.
नाझनीननं पाइपात तोंड घालून
हाक मारली, विहिरीत मारतात तशी.

आतून
ओ आली.