कार्यप्रणाली : इतर

महोदय,
किंवा जो कोणी हे वाचत असेल तो,
मी चारुलता रामटेके, इंदोरा चौकातून,
मेट्रोच्या खांबामागं जे अरुंद दुकान आहे
पत्रिका, बॅनर, बिल्ले, वाढदिवसाच्या फलकांचं,
तिथून लिहून राहिली.

तुमच्या फॉर्मात विचारलं, कॉम्प्युटर कशावर चालवता.
बाण दाबला तर दोनच नावं खाली आली.
तिसरं होतं : इतर.
मी इतर निवडलं.
आमच्या घराची रकान्यांशी ओळख जुनी आहे.
बाबा म्हणत, जागा कितीही थोडी असो
आपलं नाव सुवाच्य लिहायचं,
शाई फुटू द्यायची नाही.

लिनक्स सुगतनं टाकून दिलं, माझ्या भाच्यानं.
त्याआधीचं माझं सगळं, खरं सांगते,
फूटपाथवरच्या पन्नास रुपयांच्या सीडीतलं होतं.
चोरीचंच.
सुगत म्हणाला, मावशी, हे चोरीचं नाही, दिलेलं आहे.
दिलेलं!
दोन दिवस मी त्या शब्दाकडं बघत बसले.
कुठल्या देशातल्या पोरांनी रात्री जागून केलं
आणि माझी जोडाक्षरं नीट बसवली.
राष्ट्रातला ष्ट्र आता तुटत नाही.
नवतप्यातही मशीन गुरगुरत नाही.
परत काही मी जात नाही.

सांगायचं आहे ते निळ्याबद्दल.

तेरा एप्रिलच्या रात्री
पडद्यावर जो निळा होता तो
इतवारीतल्या मोठ्या मशीनमधून जांभळा होऊन आला.
अठरा फूट जांभळा.
गजघाटे काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
म्हणाले, पोरी, भरताच्या वांग्याची जयंती हाय का वं?
सगळे हसले. मीही हसले.
मग शटर अर्धं ओढून
रौनकच्या हप्त्यावरच्या लॅपटॉपवर, तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये,
तो निळा पुन्हा बांधला.
पहाटे चारला बरोबर निघाला.

म्हणजे तुम्हाला येतं.
म्हणून तर लिहून राहिली.
फुकट नको.
महिन्याचं भाडं सांगा, भरीन,
वीजबिल भरते तसं.
फक्त माझ्या बाजूच्या भिंतीला एक दार पाडा.
आत्ता मी दोन घरांत राहते,
स्वयंपाक इथं आणि ताट वाढायला तिथं,
मधे मशीन बंद, मशीन चालू,
गिऱ्हाईक बाकावर बसून घड्याळ बघतं
आणि मी त्याला दुसऱ्यांदा पाणी विचारते.

तुमचं उत्तर नऊ सेकंदांत आलं.
आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे.
खाली क्रमांक.
मला लिहायला दुपार लागली होती, महोदय,
कूलरमध्ये दोनदा पाणी घातलं.

सुगत म्हणतो, हीच मागणी आणखी चार हजार लोकांची आहे,
सहा वर्षांपासून.
मला वाईट वाटायला हवं होतं.
पण मी त्या चार हजारांचाच विचार करत बसले.
कुणी लग्नाचा व्हिडिओ कापत असेल,
कुणी आवाजातली खरखर वेचत असेल,
कुणी माझ्यासारखं एका रंगामागं लागलेलं.
सगळे इतरमध्ये.
बरीच मोठी वस्ती आहे की ही.

क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे,
गॅसवाल्याच्या नंबराखाली.
दर एक तारखेला विचारीन.
आता थांबते. गिऱ्हाईक आलं आहे,
त्याला पत्रिकेवर मोर नको, गणपती नको,
मग काय हवं ते त्यालाच ठाऊक नाही.

फॉर्माला फ्लेक्सचा तुकडा जोडता येत नाही,
म्हणून पाकिटातून वेगळा पाठवते आहे,
पहाटे चारचा निळा.
खिडकीशी नेऊन बघा.
ट्यूबलाइटखाली नको.