रिकामे चार बार

पंखे बंद करा, असं वेस्ट्रीत हेडफोन लावून बसलेल्या
पोराने सांगितलं, आणि मे महिना चर्चमध्ये येऊन बसला
पुढच्या बाकावर, पाहुण्यासारखा.
फतेगंजच्या रस्त्यावर रिक्षा वळवायला
दोन माणसं उभी केली होती.
कबुतरांना कोण सांगणार.

मी बासमध्ये, डावीकडून तिसरा.
वय अठ्ठ्याहत्तर. खालचा सोल अजून लागतो,
सकाळी, चहाच्या आधी.
स्टाफ वाचता येत नाही मला. माझ्या वहीत
नुसती अक्षरं, आणि उभ्या रेघा
प्रतापनगर वर्कशॉपातल्या निळ्या पेन्सिलीच्या.

रचना यशया उमापांची. सरकारी बँडात मास्तर होते.
एकशेतिसाव्या स्तोत्राला त्यांनी
सत्तावीस वाद्यं लिहिली,
आणि आमच्याकडे पेटी एक.
शांतवन वाजवायचा. व्हायोलिन पेटीवर, ओबो पेटीवर,
नगारे डाव्या पायाने, लाकडावर.
एकाच जागी तो हात उचलायचा:
तिसऱ्या कडव्यानंतर, जिथे पहारेकरी
उजाडायची वाट पाहतात,
तिथे चार बार रिकामे.
दारूबंदीच्या राज्यात आपले बार एवढेच, म्हणायचा.

मास्तरांनी इथे काही लिहिलंच नाही, असं आम्ही धरून चाललो.
गप्प राहायचो. सोळा मात्रा.
लोकांनी त्याचा अर्थ लावला.
बाया पदर डोक्यावर घ्यायच्या.
उजगरेबाई तेवढ्यात कुवेतपर्यंत जाऊन
मुलाला बघून परत यायच्या.
मी नोकरीत कायम होणं मागितलं,
मुलीचा ताप उतरणं,
एकदा तर, घरात काही नव्हतं तेव्हा, नुसतं जेवण.
बावन्न वर्षं त्याच जागेत.

मग बिस्किटांच्या डब्यात वाद्यांचे कागद सापडले,
आणि मुंबईहून ब्लेझ कुलासो आला,
पितळेची गोगलगाय मांडीवर घेऊन.
हॉर्न, एकटा, चार बार.
मास्तरांचंच अक्षर. खाली एक शब्द: दुरून.

पहिल्या टेकला तो सूर आला
तेव्हा माझी मान सवयीने खाली गेली होती.
मी अजून वाक्य जुळवत होतो
आणि कुणीतरी उत्तर द्यायला लागलं.

सुंदर होता. खोटं कशाला बोलू.
हिवाळ्यात विश्वामित्रीवर धुकं असतं, मगरी हलत नाहीत,
तसा होता.
पण वळून बघितलं तर आल्टोत दोघींचे हात
पदराशी जाऊन अर्ध्यात थांबलेले,
घ्यायचा की नाही.
शांतवन असता तर काय म्हणाला असता कोण जाणे.
बहुधा म्हणाला असता, अरे, मग मी इतकी वर्षं
काय वाजवत नव्हतो?

सात टेक झाले. एकात कबुतर, एकात माझीच खुर्ची.

रात्री नऊला सगळं आटपल्यावर तो पोरगा म्हणाला,
आता एक मिनिट कुणी हलायचं नाही,
खोलीचा आवाज हवाय.
गाणं झालं, आता खोलीचा कशाला?
काका, जोडवा माटे, म्हणाला.
दोन टेकच्या मध्ये, सांध्याखाली भरायला.

चौतीस वर्षं वेल्डर होतो मी. जोड कळतो मला.

मग आम्ही साठ जण बसलो,
व्हायोलिनवाले धरून, कुलासो धरून,
त्याची गोगलगाय पालथी.
घाम मानेवरून खाली जात होता, पुसला नाही.
मी बोटांवर मोजलं:
तीन वेळा सोळा, वर बारा.
आल्टोकडून साडीचा जरासा आवाज आला.
पोराने वेस्ट्रीतून काही म्हटलं नाही.

तबकडी आली आहे. हॉर्नच्या जागी
मी आता डोळे उघडे ठेवतो, ऐकतो.
त्या मिनिटातलं थोडं कुठेतरी
घातलं असणार त्याने, दुसऱ्या कडव्याच्या शेवटी,
किंवा आमेनच्या आधी.
शोधून सापडत नाही. वेल्ड बरा असला की दिसत नाही.
मी आपला अंदाजाने
मान खाली घालतो.