नावेत पाणी

बारावीत गणितात राहिले त्या वर्षी
काकांनी मला दांडिया बाजारातून स्कूटरवर बसवलं
आणि अकोट्याच्या पुलापलीकडे सोडलं,
साबणाच्या एका बंद कारखान्यात.
भिंतींना अजून वास होता.
आत चौदा जण, आणि घोड्यांवर आडवा
लाकडाचा एक लांबच लांब कणा.
"याला पठाण म्हणायचं," ठाकोरभाई खारवा म्हणाले.
हुजेफाला हसू आलं. मला नाही.
मला वाटलं, नापासांना सुतारकाम.

आधी तीन महिने तर नाव नव्हतीच.
नदी होती. म्हणजे काठ.
विश्वामित्रीतून आम्ही गाद्या ओढून काढल्या,
कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम,
जर निघून गेलेला शालू,
आणि देव. देव फार.
फ्रेममधले, प्लास्टरचे, काच फुटलेले.
जिगर वाघरी त्यांना पालथं ठेवू द्यायचा नाही.
ट्रॅक्टरमध्ये नीट टेकवून बसवायचा
आणि महानगरपालिकेच्या पावतीवर लिहायचा:
प्रवासी, एकवीस.

मग उतारावर वाळा लावला.
त्याची मुळं सरळ खाली जातात, माती धरतात,
वर काहीच दिसत नाही कितीतरी दिवस.

नावेत काटकोन नसतो.
फळी प्रत्येक वाकाला वेगळ्या कोनात भेटते.
ठाकोरभाईंकडे कोनमापक नव्हता,
गंजक्या पट्टीचे दोन तुकडे होते, एका खिळ्यावर फिरणारे.
वाकाला लावायचे, तसेच उचलायचे, फळीवर टेकवायचे.
मी पुटपुटले, बासष्ट अंश.
"आंकडो ना बोलीश," ते म्हणाले,
"आकडा बोललीस की हात ऐकत नाही."
त्या पट्टीवर मी पास झाले.
कुठे लिहिलेलं नाही.

एप्रिलमध्ये नाव तयार.
नाव सरकवायच्या उतारावर माती खरवडलेली दिसली.
वनखात्याच्या सोनलबेन वाकल्या,
दोन बोटांनी वाळू बाजूला केली, परत झाकली.
मगरीण. तीसेक अंडी असतील.
जूनच्या मध्यापर्यंत इथून कुणी जायचं नाही.
काठ मऊ झाला
हे सगळ्यात आधी तिला कळलं होतं.

नाव शेडमध्येच राहिली आणि वाळू लागली.
फळ्या आक्रसल्या. फटींतल्या कापसाच्या वाती
दातातल्या धाग्यासारख्या बाहेर आल्या.
ठाकोरभाई म्हणाले, "पाणी भरा आत.
नावेत पाणी भरलं की नावेत पाणी येत नाही."
आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि बादल्या उचलल्या.
पहिल्या दिवशी नाव सगळीकडून घामेजली.
मी गळतीवर खडूनं फुल्या मारत गेले.
चौथ्या दिवशी सात फुल्या.
नवव्या दिवशी एक, नाळेजवळची, हट्टी.

दहाव्या दिवशी मलेरियावाला आला.
"उघडी टाकी कुणाची?"
हुजेफा म्हणाला, टाकी नाही साहेब, नाव आहे.
त्यानं फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला.
नावेचा रकाना नव्हता.
शेवटी 'फुलदाणी'समोर खूण केली,
दंड माफ केला,
आणि पिशवीभर गप्पी मासे सोडून गेला.

जूनच्या सोळा तारखेला रात्री
पहारा माझा आणि जिगरचा.
वाळूखालून आवाज आला,
ओल्या बोटानं काच घासावी तसा.
ती वर आली. उकरलं.
जबड्यात पिल्लं घेऊन
ज्या उतारावरून आमची नाव जायची होती
त्याच उतारावरून पाण्यात गेली, परत आली, परत गेली.
आम्ही टॉर्च लावला नाही.
जिगर बोटांवर मोजत होता.
"प्रवासी," म्हणाला,
आणि पुढचा आकडा बोलला नाही.

सकाळी सोनलबेननी फोनवर हो म्हटलं.
ठाकोरभाई शेडमध्ये आले, फळीवरून हात फिरवला,
नावेत वाकून बराच वेळ बघत राहिले.
काका फाटकात स्कूटर चालूच ठेवून उभे.
मी विचारलं, आज?

"आधी," ते म्हणाले, "मासे काढा."