दिव्याचं वय

बर्स्लेममध्ये कालव्याला पाठ लावून बसलेल्या
घरांच्या ओळीत शेवटचं घर हॉरेस टनिक्लिफ यांचं.
मागे अंगण, अंगणात तळं.
तळं कसलं,
हिरव्या शाईची दौत कुणी उपडी केलेली.
"पाच मासे आहेत," ते म्हणाले,
"निदान गेल्या ऑगस्टपर्यंत होते."

मी तळ्यांची कामं करते. पंप, जाळ्या, गाळण्या.
व्हॅनमधून काळं नळकांडं काढलं, हाताएवढं;
त्यात काचेची बाही, बाहीत दिवा.
पाणी एका तोंडाने शिरतं, दिव्याला वळसा घालतं,
दुसऱ्या तोंडाने निघून जातं.
मधे काय होतं ते उघड्यावर बघायचं नाही.
डोळे जातात.

"म्हणजे भट्टीसारखंच," ते म्हणाले.
चाळीस वर्षं त्यांनी बशा झिलईत बुडवल्या,
मनगटाला एकच हिसका, थेंब न सांडता.
भट्टीचं दार लागलं की आतल्याशी आपला संबंध संपला,
सकाळी निघेल ते आपलं.

सकाळी काहीच निघालं नाही.
चौथ्या दिवशीही नाही.
मी फोनवर म्हटलं, थांबा.
हिरवे कण जळून जात नाहीत हो,
हतबल होतात, एकमेकांना चिकटतात,
त्यांचे गठ्ठे मग गाळणीत अडकतात.
वेळ लागतो.

आठव्या दिवशी तळाची वीट दिसली,
मग एक चमचा,
मग मासे, एकेक करून, हजेरी दिल्यासारखे:
कोबाल्ट, मँगनीज, क्रोम, टिन
आणि सेकंड.
कारखान्यात किंचित चुकलेल्या बशीला सेकंड म्हणत,
ती अर्ध्या किमतीत कामगारांच्या घरी जायची.
याची शेपटी वाकडी.

निवळ पाणी सगळ्यांनाच दिसतं.
नवव्या दिवशी, उजाडायच्या आत,
कालव्यावरून राखी बगळा आला,
शेजाऱ्याच्या शेडवर जरा टेकला, विचार केला.
कोबाल्ट गेला.

मी जाळी ताणून दिली, पैसे घेतले नाहीत.
इतकी वर्षं त्या हिरव्यानेच राखण केली होती,
हे मला आधी सुचायला हवं होतं.

पुढच्या वसंतात पुन्हा फोन.
पाणी हिरवं.
"पण दिवा तर पेटलेला आहे!"
खरंच, झाकणाच्या झरोक्यातून निळा उजेड येत होता,
शांत, कुठेही न थरथरता.
मी सांगितलं, हा दिसतो तो कामाचा उजेड नाही.
कामाचा उजेड डोळ्यांना दिसतच नाही,
आणि तो बहुधा पानगळीतच संपला.
बारा महिने जळला की दिव्याचा जोर सरतो,
निळाई तेवढी मागे राहते.

ते काही बोलले नाहीत.
मागे वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं.
तिथे एड्विना बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले,
मी हात केला तसा त्यांनीही केला.
"ती अजून सगळ्यांना फार सुंदर गुड मॉर्निंग म्हणते," ते म्हणाले.

मी स्क्रू काढत राहिले.
काचेच्या बाहीवर क्षारांचा पापुद्रा धरला होता,
तो व्हिनेगरने पुसला, जुन्या बनियनच्या फडक्याने.
नवा दिवा बसवला. झाकण लावलं.
जुना त्यांनी मागून घेतला. का, ते मी विचारलं नाही.
वर्तमानपत्रात गुंडाळला, कपबशी गुंडाळावी तसा,
कोपरे आत दुमडून.

दहा दिवसांनी बिल द्यायला गेले
तेव्हा दोघंही बाहेर, खुर्च्या तळ्याला लागून.
एड्विना बोट नाचवत मोजत होत्या:
एक, दोन, तीन, चार,
आणि थोडं थांबून, पाच.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
बोलू नकोस, अशी भुवई उचलली.
बिलाचे पैसे सुटे होते, मोजून ठेवलेले.

मी काळ्या नळकांड्यावर
पांढऱ्या खडूने पुढच्या वर्षीची तारीख लिहिली.
"रंगाने लिही," ते म्हणाले,
"आणि जरा मोठी.
मला लक्षात राहील. पण तरी."