लाल उद्गारचिन्हं

सोमवारी तिने नकाशा उघडला
तर एकूण एक थरापुढे लाल उद्गारचिन्ह.
नावं जागच्या जागी: पाण्याच्या वाहिन्या, बर्च, शाळा, बसथांबे.
बाकी पडदा कोरा.
खिडकीबाहेरही तसंच.
स्वीडनच्या पार उत्तरेला नोव्हेंबरात
नऊला उजाडतं, दोनला आवरतं.

आयलीने थर्मासचं झाकण फिरवलं.
शुक्रवारी कोणीतरी सर्व्हर नव्या इमारतीत हलवला होता,
कुणाला न सांगता.
सगळंच हलतंय म्हणा.
खालचं लोखंड उपसून उपसून जमीन पोकळ झाली,
म्हणून गाव उचलून पूर्वेला नेतायत,
चर्चसुद्धा चाकांवर बसून जाणार आहे.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणे;
इथे वाशांवर नंबर घालून
घरच फिरवतात.

उजवी कळ. स्रोत दुरुस्त करा.
जुना पत्ता उलगडला:
इंगेमार, नवीन, नवीन_२, शेवटचं, खरंच_शेवटचं.
इंगेमार मार्चमध्ये निवृत्त झाला,
त्याच्या खुर्चीवर आता प्रिंटरचे कागद बसतात.

एकाला वाट दाखवली
की त्याच फोल्डरातले बाकीचे मागोमाग येतात.
चौदा थर एका दमात उजळले.
फक्त बसथांबे तळ्याच्या मधोमध उभे!
नाव तेच, फाईल भलतीच,
कुठल्याशा जुन्या मोजणीतली.
तेही निस्तरलं.

उरला एक.
'टेकडी_घसरण'.
ना सर्व्हरवर, ना टेपवर, ना कुणाच्या लक्षात.
शेवटी तिने फोन लावला.

"ती होय," इंगेमार म्हणाला,
"ती कामाची नव्हती गं.
पोरी स्लेज जिथून सोडायच्या ना, तिथे टिंबं दिली होती.
दोन हिवाळ्यांची.
माझ्याच लॅपटॉपवर होती,
तो बिर्गिटाने भंगारात दिला."
मग थोडा वेळ नुसतीच तारेची खरखर.
"टेकडीला कुंपण पडलं?"
"मागच्या महिन्यात."
"हं."

थर काढून टाकायचा आहे का?
हो. नाही.
तिने 'नाही' दाबलं आणि नकाशा साठवला,
चौदा थर शहाण्यासारखे,
पंधराव्यापुढे ते लाल चिन्ह.

'याला हात लावू नये' अशी चिठ्ठी लिहून
ती पडद्याच्या कडेला चिकटवणार होती.
मग वाटलं, कारण विचारतील.
चिठ्ठी कोटाच्या खिशात घातली
आणि दिवे मालवायला गेली.
पावणेदोन वाजले होते.